क्वांटम फिजिक्सचं गणित शेतीच्या अर्थशास्त्रात कितपत कामाला येतं?

प्रश्न असा आहे की शिक्षण थिअरॉटिकल क्वांटम फिजिक्समध्ये झालंय, आता शेती अर्थशास्त्रात मॉडेलिंगचं काम करायचंय, तर आधी शिकलेलं गणित किती उपयोगी पडेल आणि शेतमालाच्या भावांना श्रोडिंगर इक्वेशन (क्वांटम अवस्था काळानुसार कशी बदलते ते सांगणारं समीकरण) लावून काही नवीन हाती लागेल का. मी स्वतः याच वाटेने आलोय आणि बरीच वर्षं पीक नियोजन आणि भावांच्या मॉडेलवर काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर देतो. गणित जवळजवळ सगळंच्या सगळं उपयोगी पडतं. भावांना श्रोडिंगर इक्वेशन लावायच्या मागे मात्र लागू नका, कारण पुढे सांगतो. आणि फिजिक्सवाल्याची खरी अडचण गणितात होतच नाही, ती होते ती मॉडेलवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा इथे, कारण या एका बाबतीत ही दोन क्षेत्रं पार वेगळी आहेत आणि ते कुठल्या कोर्समध्ये नीट सांगितलं जात नाही.

सगळ्यात जवळचं नातं आधी बघू, लग्रांज मल्टिप्लायर, म्हणजे एखादी अट पाळून किमान किंवा कमाल शोधताना त्या अटीसाठी लावायचा गुणक. क्वांटममध्ये व्हेरिएशनल पद्धत (ट्रायल फंक्शन घेऊन सगळ्यात कमी ऊर्जा शोधायची) केली असेल तर आठवा, आपण ऊर्जेची सरासरी किमान करतो, अट एकच की वेव्ह फंक्शनचं (कणाची अवस्था सांगणाऱ्या फंक्शनचं) नॉर्मलायझेशन, म्हणजे एकूण प्रॉबॅबिलिटी, १ राहिलं पाहिजे, आणि त्या अटीसाठी जो मल्टिप्लायर लावतो तोच शेवटी ऊर्जेची आयगनव्हॅल्यू (त्या अवस्थेची ठरलेली ऊर्जा) म्हणून बाहेर येतो. म्हणजे मल्टिप्लायर ही नुसती गणिताची सोय नाही, त्याला मोजता येणारा अर्थ आहे. डेन्सिटी फंक्शनल थिअरीत (इलेक्ट्रॉनच्या घनतेवरून ऊर्जा काढायची पद्धत, होहेनबर्ग आणि कोन, १९६४) इलेक्ट्रॉनची संख्या ठरलेली ठेवायची अट असते आणि तिचा मल्टिप्लायर म्हणजे केमिकल पोटेन्शियल, एक इलेक्ट्रॉन वाढवला तर ऊर्जा किती बदलेल ते सांगणारा आकडा.

आता शेताकडे या. समजा १० हेक्टर जमीन आहे आणि हंगामाला ३६ एकक पाणी आहे. मका हेक्टरी २ एकक पाणी घेतो आणि ३० नफा देतो, भाजीपाला हेक्टरी ६ एकक पाणी घेतो आणि ६० नफा देतो (नफ्याचं एकक काहीही धरा). कागदावर सोडवा, उत्तर येतं ६ हेक्टर मका आणि ४ हेक्टर भाजीपाला, नफा ४२०. इथपर्यंत शाळेचं गणित झालं. खरी गंमत ड्युअलमध्ये (त्याच प्रश्नाची जमीन-पाण्याच्या किमतींतली उलटी मांडणी) आहे: जमिनीची शॅडो प्राइस, म्हणजे एक एकक जास्त मिळालं तर नफा जेवढा वाढेल ती किंमत, येते १५ आणि पाण्याची ७.५. पडताळून बघा, १० गुणिले १५ आणि ३६ गुणिले ७.५ यांची बेरीज बरोबर ४२० येते, म्हणजे सगळा नफा जमीन आणि पाणी यांच्यात पूर्ण वाटला गेला. आणि ७.५ चा अर्थ अगदी रोकडा आहे, पाणी ३६ वरून ३७ केलं तर भाजीपाला ४.२५ आणि मका ५.७५ होतो आणि नफा ४२७.५. शेजारच्याकडून पाणी विकत घ्यायचं झालं तर जास्तीत जास्त किती द्यायचे ते या आकड्याने सांगितलं. केमिकल पोटेन्शियल इलेक्ट्रॉनबद्दल जे सांगतं तेच हे पाण्याबद्दल सांगतंय, गणिताच्या अंगाने दोन्हींत काडीचा फरक नाही.

इथेच थांबू नका, पाणी बदलत नेऊन बघा. २० एककांपेक्षा कमी पाणी असेल तर पाण्याची किंमत १५ असते, कारण जमीन मोकळी पडलेली असते आणि सगळं पाणी मक्याला जातं (एका एककामागे मका १५ देतो, भाजीपाला १०). २० ते ६० च्या मध्ये ती ७.५ आणि ६० च्या पुढे शून्य, कारण तोवर सगळ्या शेतात भाजीपाला झालेला असतो आणि जास्तीचं पाणी नुसतं वाहून जातं. म्हणजे किंमत पायऱ्यापायऱ्याने उतरते, मध्ये हळूहळू काही होत नाही. पाण्याच्या धोरणावर बोलताना सरासरी किमती वापरणारे लोक इथेच फसतात, सरासरी (४२० भागिले ३६) ११.६७ काढतात आणि तेवढ्या किमतीला पाणी विकायला निघतात, तर ३६ एकक हाताशी असलेला शेतकरी ७.५ च्या वर एक दमडी देणार नाही.

दोन्हीकडे अजून एक सुंदर साम्य आहे, ते म्हणजे मर्यादेची हमी. हायड्रोजनसाठी गॉशियन (घंटेच्या आकाराचं) ट्रायल फंक्शन घ्या, ऊर्जा साधारण उणे ११.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते, खरं उत्तर उणे १३.६. चूक झाली, पण कुठल्या बाजूला झाली ते आधीच पक्कं माहीत असतं, कारण ट्रायल काहीही घेतलं तरी खऱ्या किमान ऊर्जेच्या खाली जाताच येत नाही. लिनियर प्रोग्रॅमिंगमध्ये (वरच्या मका-भाजीपाल्यासारखे सरळ रेषेतल्या अटींचे प्रश्न सोडवायची पद्धत) पण तसंच, जमीन आणि पाण्याच्या कुठल्याही अशा किमती धरा की त्या हिशोबाने कुठल्याच पिकाचा खर्च त्याच्या नफ्यापेक्षा कमी पडत नाही, मग त्या किमतींनी केलेली बेरीज ही नफ्याची वरची मर्यादा असते, उत्तम उत्तर माहीत नसतानाही. मोठ्या मॉडेलमध्ये सॉल्व्हर (उत्तर शोधणारा प्रोग्रॅम) अर्ध्यात थांबवावा लागला तर उत्तमापासून आपण किती लांब आहोत हे याच्यावरूनच सांगता येतं.

जाता जाता एक सांगतो, लिनियर प्रोग्रॅमिंगचा सुरुवातीचा मोठा हिशोब या शेतीच्याच अंगणातला आहे. अर्थतज्ज्ञ स्टिगलरने १९४५ साली शेती अर्थशास्त्राच्या जर्नलमध्ये प्रश्न मांडला की ७७ पदार्थांतून ९ पोषक घटकांची गरज सगळ्यात स्वस्तात कशी भागवायची, आणि अंदाजाने, हाताने चाचपडत वर्षाला ३९.९३ डॉलर असं उत्तर काढलं. १९४७ मध्ये गणितज्ञ डँट्झिगची सिम्प्लेक्स पद्धत (असे प्रश्न पायरीपायरीने सोडवायची) आल्यावर तोच प्रश्न टेबलावरच्या कॅल्क्युलेटरने सोडवला, जवळपास १२० माणूस-दिवस लागले, आणि उत्तर आलं ३९.६९. स्टिगलर फक्त २४ सेंटने चुकला होता, तेही कुठल्याही पद्धतीशिवाय, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

आता आयगनव्हॅल्यूकडे. शेतमालाचं एक जुनं डायनॅमिक (काळानुसार बदलणारं) मॉडेल म्हणजे कॉबवेब (कोळ्याचं जाळं), हे नाव अर्थतज्ज्ञ काल्डोरने १९३४ मध्ये वापरलं आणि इझिकिएलने १९३८ मध्ये त्याची नीट मांडणी केली. कल्पना साधी आहे, शेतकरी गेल्या हंगामाचा भाव बघून पेरतो, माल येतो पुढच्या हंगामात, मग भाव पडतो, मग कमी पेरलं जातं, मग भाव चढतो. सगळं समतोलाच्या भावापासूनच्या अंतरात लिहिलं तर दर हंगामाला ते अंतर एका उणे आकड्याने गुणलं जातं, तोच इथली आयगनव्हॅल्यू. तो आकडा उणे ०.८ असेल तर समतोलाच्या १० वर असलेला भाव पुढे ८ ने खाली, मग ६.४ ने वर, मग ५.१२ ने खाली असा शांत होत जातो. उणे १.२ असेल तर दर हंगामाला हेलकावा वाढत जातो.

क्वांटमवाल्याने इथे एक सवय सोडायला लागते. आपल्याकडे काळाचा ऑपरेटर युनिटरी असतो, त्याच्या सगळ्या आयगनव्हॅल्यू एकक वर्तुळावर बसतात (प्रत्येकीचं आकारमान १), एकूण प्रॉबॅबिलिटी कधी वाढत नाही की घटत नाही. शेतीच्या मॉडेलमध्ये असं कुठलंच कॉन्झर्व्हेशन नाही, आयगनव्हॅल्यू वर्तुळाच्या आत आहे का बाहेर (म्हणजे भाव शांत होणार का भडकत जाणार) हाच मुळी प्रश्न असतो. त्यामुळे सिमेट्रीवरून उत्तर अंदाजायची आपली जी हातखंडा पद्धत आहे ती इथे फार लांब नेत नाही, प्रत्येक वेळी डेटाकडेच जावं लागतं.

आणि आता तो मुद्दा ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो. कॉबवेबमधला शेतकरी फक्त गेल्या हंगामाचा भाव बघतो. नर्लोव्हने १९५८ मध्ये म्हटलं की तसं नसतं, तो आपला जुना अंदाज थोडासा दुरुस्त करतो, समजा चुकीच्या निम्म्याने. वरच्याच उदाहरणात, जिथे गुणक उणे १.२ होता आणि भाव हाताबाहेर जात होते, तिथे निम्म्याने दुरुस्ती करणारा शेतकरी बसवा, गुणक होतो १ वजा ०.५ गुणिले २.२, म्हणजे उणे ०.१. बाजार दोन हंगामांत शांत. मागणी तीच, पुरवठ्याचा उतार तोच, जमीन तीच, बदललं काय तर फक्त शेतकऱ्याच्या मनातला अंदाज बांधायचा नियम, आणि स्फोटक बाजार एकदम गुळगुळीत झाला. पुढे १९६१ मध्ये म्यूथने शेवटचं पाऊल टाकलं, शेतकऱ्याला जर मॉडेल बनवणाऱ्याइतकंच कळत असेल तर तो पुढचा हेलकावा ओळखून त्याच्या उलट पेरेल आणि मग तो ठराविक हेलकावा राहणारच नाही, उरतील ते फक्त अनपेक्षित धक्के. रॅशनल एक्स्पेक्टेशनची ही कल्पना मांडताना म्यूथने शेतमालाच्या भावांची, अगदी डुकरांच्या भावांच्या चक्राची चर्चा केली होती. आणि १९७६ मध्ये लुकासने याचा जो निष्कर्ष काढला तो फिजिक्समधून येणाऱ्याने तर भिंतीवर लिहून ठेवावा: धोरण बदललं की लोक वागणं बदलतात, म्हणून जुन्या डेटावरून काढलेले पॅरामीटर नवीन धोरणाखाली टिकतीलच असं नाही.

इलेक्ट्रॉनला आपलं मॉडेल वाचता येत नाही. त्याचा मॅग्नेटिक मोमेंट (तो किती चुंबकासारखा वागतो तो आकडा) सिद्धांताने काढला आणि प्रयोगाने मोजला तर एक लाख कोटीत एक भाग इतक्या बारकाईने जुळतो, आणि पुढच्या वर्षी मोजला तरी तोच येणार. शेतकरी मात्र तुमचा भावाचा अंदाज वाचतो आणि त्यावरून पेरणी ठरवतो. हमीभाव जाहीर झाला की पुरवठ्याचा उतारच बदलतो, कारण आता पडता भाव त्याला घाबरवत नाही. म्हणून इथे चांगलं मॉडेल म्हणजे जुन्या आकड्यांवर घट्ट बसणारं मॉडेल असं अजिबात नाही. जे मॉडेल सांगतं की हे-हे बदललं तर माणूस असा वागेल आणि का वागेल, ते कमी फिट बसलं तरी मी तेच घेतो.

दुसरी गोष्ट, इथे प्रयोगशाळा नाही. भाव आणि विक्री यांचे शंभर बिंदू कागदावर टाकून त्यातून रेघ काढली तर ती मागणीची रेघ आहे का पुरवठ्याची? दोन्हीची नाही, दोन रेघा एकाच वेळी हलत असतात आणि आपल्याला फक्त छेदनबिंदू दिसतात. याच्यावरचा उपाय फिलिप राइटने १९२८ मध्ये तेलांवरच्या आयातकरावरच्या पुस्तकाच्या परिशिष्टात दिला: अशी एखादी गोष्ट शोधा जी फक्त पुरवठा हलवते आणि मागणीला हात लावत नाही, उदाहरणार्थ हवामानामुळे बदलणारं जवसाचं एकरी उत्पादन, मग तिच्यामुळे बिंदू जसे सरकतात ती मागणीची रेघ. आज सगळ्या अर्थशास्त्रात वापरतात ते इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल इथून, शेतीच्या प्रश्नातून निघालं. फिजिक्सवाल्यांना हे फार उशिरा कळतं, कारण आपल्याला बटण आपण स्वतः फिरवायची सवय असते. लीस्ट स्क्वेअर्स (बिंदूंतून सगळ्यात जवळची रेघ बसवणं) येतं म्हणून रिग्रेशन (डेटावरून संबंध काढणं) येतं असं समजू नका, हा विषय मुळापासून शिका, सहा महिने गेले तरी चालतील.

तिसरी गोष्ट फंक्शनच्या आकाराची. क्वांटममध्ये हॅमिल्टोनियन (ऊर्जेचा ऑपरेटर) कसाही लिहिता येत नाही, हर्मिशियन (मोजलेली ऊर्जा वास्तव संख्या येईल असा) असायला हवा, सिमेट्री पाळायला हवी, एवढ्यातच निम्मं काम होतं. खताला पीक कसा प्रतिसाद देतं हे लिहायला मात्र असा कुठलाच नियम नाही, वर्गाचं समीकरण घ्या, वर्गमुळाचं घ्या, किंवा लीबिगच्या किमान घटकाच्या नियमासारखं (जो घटक सगळ्यात कमी पडतो तोच उत्पादन ठरवतो) सरळ चढून एकदम सपाट होणारं घ्या. १९९० मध्ये सेराटो आणि ब्लॅकमर यांनी मक्याच्या नत्राच्या डेटावर असे पाच आकार बसवून बघितले, पाचही जवळपास सारखेच चांगले बसले, पण योग्य मात्रा किती हे विचारल्यावर उत्तरं एकमेकांपासून खूप लांब निघाली, वर्गाच्या समीकरणाने तर गरजेपेक्षा जास्त नत्र सांगितलं. म्हणजे आर स्क्वेअर (फिट किती चांगला ते सांगणारा आकडा) बघून आकार निवडला तर शेतकऱ्याचा पैसा आणि जमिनीतलं पाणी दोन्ही खराब व्हायची सोय आपण करून ठेवतो. मी कुठलीही शिफारस करायच्या आधी कमीत कमी तीन आकारांवर उत्तर काढतो आणि ती जुळत नसतील तर तसं स्पष्ट लिहितो.

वरच्या मका-भाजीपाला मॉडेलचा पण एक दोष आहेच, लिनियर मॉडेलमध्ये जेवढ्या अटी तेवढीच जास्तीत जास्त पिकं येतात. दोन अटी, दोन पिकं. प्रत्यक्षात शेतकरी पाच-सहा पिकं घेतो आणि सॉल्व्हर म्हणतो दोनच घे. हॉविटने १९९५ मध्ये यासाठी छान पद्धत दिली, आधी प्रत्यक्षातलं क्षेत्रच अट म्हणून घालायचं, तिची शॅडो प्राइस काढायची, आणि ती म्हणजे शेतकऱ्याला दिसणारा पण आपल्याला न दिसणारा वाढीव खर्च असं धरून तिच्यावरून वर्गाचं खर्च फंक्शन बांधायचं. आधार वर्षाचं चित्र तंतोतंत परत येतं आणि पाणी बदललं की क्षेत्रं पायऱ्यांऐवजी सावकाश सरकतात. तंतोतंत येतं म्हणून हुरळून जायचं नाही मात्र, ते येणारच असतं, तसंच बांधलेलं असतं, खरी परीक्षा दुसऱ्या वर्षाच्या डेटावर.

आता श्रोडिंगर इक्वेशनचं. त्यात काळाच्या जागी काल्पनिक काळ घातला की ते डिफ्यूजन इक्वेशन होतं, आणि वायद्यांवरच्या ऑप्शनची (ठरलेल्या भावाने व्यवहार करायच्या हक्काची) किंमत काढायचं फिशर ब्लॅकचं १९७६ चं सूत्र त्याच घराण्यातलं. म्हणून पाथ इंटिग्रल, ग्रीन्स फंक्शन ही क्वांटममधली गणिती हत्यारं तिथे सरळ चालतात आणि ती वापरायला काहीच हरकत नाही. पण हे गणिताचं साम्य झालं, त्यावरून भाव 'क्वांटम' आहेत असं होत नाही. क्वांटमचं क्वांटमपण कशात आहे, तर ॲम्प्लिट्यूडची (ज्यांच्या वर्गातून प्रॉबॅबिलिटी मिळते त्या आकड्यांची) आधी बेरीज होते आणि वर्ग नंतर होतो, त्यामुळे दोन वाटा मिळून एकमेकींना खोडू शकतात. पाऊस येऊन भाव पडायची शक्यता आणि पाऊस न येता भाव पडायची शक्यता यांची साधी बेरीज होते, त्या एकमेकींना कधीच खोडत नाहीत. १९६४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बेलने असमानता मांडली (सगळं स्थानिक लपलेल्या माहितीचं असेल तर मोजमापांतला मेळ ज्यापुढे जाऊ शकत नाही ती मर्यादा) आणि नंतरच्या प्रयोगांनी (क्लाउझर, ऍस्पे आणि झायलिंगर यांना त्यासाठी २०२२ चं नोबेल मिळालं) दाखवलं की क्वांटममधली अनिश्चितता नुसत्या स्थानिक लपलेल्या माहितीने समजावता येत नाही. भावातली अनिश्चितता तर लपलेल्या माहितीचीच असते: कोणी किती पेरलं, गोदामात किती पडलंय, पाऊस कुठे झाला. तिथे ॲम्प्लिट्यूड घालून जास्तीचे पॅरामीटर मिळतात आणि फिट सुधारतो, एवढंच होतं, आणि जास्तीचे पॅरामीटर घातले की कुठलंही मॉडेल सुधारतंच.

जिथे तुमचं शिक्षण खरोखर वरचढ ठरेल अशी जागा म्हणजे मोठ्या डायमेन्शनचे प्रश्न. ५० स्पिनची (प्रत्येकाला दोनच पर्याय) एक अवस्था लिहायला दोनचा पन्नासावा घात, म्हणजे साधारण एकावर पंधरा शून्यं इतके आकडे लागतात, हे तुम्हाला पाठ आहे. साठवण, मातीतला ओलावा, कर्ज, भाव, जनावरं अशी पाच स्टेट (शेताची स्थिती सांगणाऱ्या बदलत्या गोष्टी) घेऊन प्रत्येकी १०० बिंदूंची जाळी केली तर एक हजार कोटी बिंदू होतात, गणितज्ञ बेलमनने याच त्रासाला डायमेन्शनचा शाप म्हटलं. व्हाइटने १९९२ मध्ये क्वांटम साखळ्यांसाठी डीएमआरजी (मोठी अवस्था थोड्या आकड्यांत मांडायची पद्धत) आणलं ते एंटँगलमेंट (कणांचं एकमेकांत गुंतणं) कमी असतं या गोष्टीचा फायदा घेऊन. पाच स्टेटपैकी खरोखर एकमेकांत गुंतलेली किती आणि सैल किती हे ओळखून फंक्शन छोट्या तुकड्यांच्या गुणाकारात मांडायची ही नजर आपल्याकडे तयार असते, ती घेऊन या.

सुरुवात म्हणून वरचंच दोन पिकांचं मॉडेल घ्या, पाण्याला अनिश्चित करा (निम्म्या वर्षी २४, निम्म्या वर्षी ४८, सरासरी ३६ च), आणि अट घाला की पेरणी पाणी कळायच्या आधी करायची, पाणी कमी पडलं तर भाजीपाल्याचा काही भाग सोडून द्यायचा. मग शेतकरी धोका टाळणारा आहे असं धरून परत सोडवा आणि पाण्याची किंमत दोन्ही प्रकारच्या वर्षांत वेगवेगळी काढा. हे हाताने केलंत की मग मोठ्या मॉडेलच्या कोडला हात लावा, तोपर्यंत नको.